राखून ठेवलेले बियाणे

जालन्याच्या बाजारातून बियाण्याची पिशवी घेताना आपण भावाची घासाघीस करतो. राष्ट्राचे सामर्थ्य त्या पिशवीत असते, हे मनात येत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच शहरात महिको स्थापन केली, तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर विसंबून होता आणि त्या गव्हासोबत दबावही येत असे. सुधारित बियाणे, सिंचन, खते आणि सरकारी हमीभाव यांनी ती लाचारी संपवली.

२००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली आणि पुढे भारत कापसाचा मोठा निर्यातदार झाला. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकरित वाणाचे बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. त्याच्या किमतीला लगाम घालण्यासाठी २०१५ मध्ये केंद्राला आदेश काढावा लागला. राष्ट्र स्वावलंबी आणि शेतकरी दुकानाचा बांधील, तर या सामर्थ्याचा धनी कोण?

सूरह यूसुफ पाहा. हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरची कोठारे मागितली ती रक्षण आणि ज्ञान या दोन गुणांच्या आधारे. सुकाळाचे धान्य कणसांतच ठेवावे, असे त्यांनी सांगितले. दुष्काळ ते खाऊन टाकील, थोडेसे राखलेले तेवढे उरेल. हे थोडेसे म्हणजे पेरणीचे बी, असे काही भाष्यकार म्हणतात. उपाशी राज्याच्या हिशेबातही उद्याच्या पेरणीचा वाटा होता.

घरचे बी राखण्याचा हक्क आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. तुमच्या कणगीत यंदा ज्वारीचे किंवा तुरीचे असे किती बी आहे?