मुलाच्या हाती पहिले शस्त्र

मुलाला शाळेत केव्हा घालावे, सायकल कितव्या वर्षी घेऊन द्यावी, याची चर्चा घराघरांत होते. त्याच्या हाती पहिले शस्त्र केव्हा आणि कोणते द्यावे, हा प्रश्न मात्र आपण सहसा चर्चेला घेत नाही. म्हणून तो सुटलेला असतो असे नव्हे. कुणी जत्रेतून छऱ्याची बंदूक आणून देतो, कुणी दुबेळक्या काठीला रबर बांधून गलोल करून देतो, आणि त्या क्षणी एका मोठ्या नैतिक प्रश्नाचे उत्तर, विचार न करताच, देऊन झालेले असते.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत, राणीसावरगाव आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीच्या काठी. तेथून दक्षिणेकडे येऊ लागले की काळ्या रानाबरोबर मुरमाड माळ दिसू लागतात. अशा मुलखात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. माळावर तित्तर आहे, लावा आहे, ससा आहे. रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरला तर वर्षाची मेहनत सकाळपर्यंत मातीत मिसळते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळी शिकार हा प्रतिष्ठितांचा खेळ मानला जाई. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेला नातू एके दिवशी विचारतो, "मला बंदूक कधी शिकवणार?" या प्रश्नाला बापाने काय उत्तर द्यावे?

पहिले उत्तर कायद्याचे आहे आणि ते स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या देशात हौसेची शिकार संपुष्टात आणली. तित्तर आणि ससा यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. फासा लावणे, जखमी करणे, घरटे वा अंडी नष्ट करणे, एवढेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. १९५९ च्या शस्त्रकायद्यात बंदूक बाळगण्याची किमान वयोमर्यादा सोळा वर्षे होती. १९८३ मध्ये ती एकवीस झाली. तेव्हा राणीसावरगावच्या बापाला आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी शिकारीची बंदूक निवडण्याचा प्रसंग कायद्याने येऊच शकत नाही.

परंतु कायद्याने दार बंद केले म्हणून विवेकाचे काम संपत नाही. जे केवळ पोलिसांच्या भीतीने केले जात नाही, ते पोलीस नसताना केले जाते. शिवाय जगात असे देश आहेत, जेथे हे दार उघडे आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात दहा-बारा वर्षांच्या मुलाला बाप शिकारीला नेतो, आणि त्याची पहिली बंदूक कोणती असावी यावर जाणती माणसे गांभीर्याने वाद घालतात. आमच्या मते या वादात आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हा वाद असा आहे. छऱ्याच्या बंदुकीच्या नळीचा व्यास 'बोअर'मध्ये मोजतात. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि एका पौंडात तशा बारा गोळ्या बसल्या तर ती बारा बोअर. वीस बसल्या तर वीस बोअर, म्हणजे नळी अधिक अरुंद. सर्वांत लहान गणली जाते ती चारशेदहाची; तिचे माप मात्र इंचाच्या हजारांशांत सांगतात. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे बत्तीस ग्रॅम छरे असतात, वीस बोअरमध्ये पंचवीस, तर चारशेदहाच्या आखूड काडतुसात जेमतेम चौदा. साहजिकच चारशेदहाचा धक्का मुलाच्या खांद्याला सोसवतो, वजनही हलके. म्हणून अनेक बाप तीच निवडतात. यावर जुने शिकारी म्हणतात, थांबा! छरे कमी म्हणजे त्यांचा फवारा विरळ. नेम थोडा चुकला की पक्षी मरत नाही, जखमी होतो, झुडपात शिरतो आणि तेथे तासन्‌तास तडफडत मरतो. मुलाच्या खांद्याला जी सोपी, ती पाखराला क्रूर. म्हणून ते सांगतात की मुलाच्या मापाचा दस्ता असलेली, एका वेळी एकच बार काढणारी वीस बोअर द्या. आणि तीही खांद्याला पेलेल तेव्हा. तोवर मुलाला थांबू द्या.

या सल्ल्यात बंदुकीच्या तांत्रिक माहितीपेक्षा मोठी गोष्ट दडली आहे. निवड करताना दोन देह विचारात घ्यायचे आहेत, एक मुलाचा आणि दुसरा त्या मुक्या जिवाचा. बाप स्वभावतः पहिल्याचाच विचार करतो. शिकारीचे खरे शिक्षण दुसऱ्याचा विचार सुरू झाल्यावर सुरू होते. आणि आमचा प्रश्न येथेच उभा राहतो: जो दुसऱ्याच्या वेदनेचा इतका विचार करील, त्याला हौसेखातर ती वेदना देण्याचे समर्थन कोठवर करता येईल?

दोन मुलांची उदाहरणे पाहू. पहिला जिम कॉर्बेट. १८७५ साली नैनितालला जन्मलेल्या या मुलाला आठव्या वर्षी ठासणीची दुनळी बंदूक मिळाली, आणि तिची एक नळी फुटलेली होती. एकच बार, आणि तो उडाल्यावर पुन्हा दारू ठासण्याचा खटाटोप. वाया घालवायला दुसरा बार नसल्याने मुलगा पाहायला, ऐकायला, थांबायला शिकला. पुढे नरभक्षक वाघ मारून त्याने कुमाऊंच्या खेड्यांना भयमुक्त केले. परंतु वय वाढत गेले तसा केवळ हौसेसाठी मारण्याचा त्याला उबग आला आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आला.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे, डॉ. सलीम अली यांचे. १८९६ मध्ये जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा मामांच्या घरी वाढला. मामांनी दिलेल्या हवेच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याखाली पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ही कोण? ती खाणे धर्माला चालेल काय? मामांनी पोराला हाकलले नाही, की शाबासकी देऊन विषय संपवला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली आणि कपाटातले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला सलीम अलींनी चिमणीच्या त्या पतनाचेच नाव दिले. शुभवर्तमान वाचणाऱ्याला ते नाव ऐकताच प्रभूची शिकवण आठवते, की कवडीमोलाची चिमणीही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही.

या गोष्टीचा विपर्यास होऊ नये. अभ्यासासाठी नमुने गोळा करताना सलीम अली पुढेही पक्षी मारीत राहिले. बंदुकीने त्यांना पक्षितज्ज्ञ बनवले नाही. बंदुकीनंतर जो प्रश्न पडला, आणि तो प्रश्न ज्या वडीलधाऱ्यांनी मोलाचा मानला, त्यांनी बनवले. किती मुलांनी किती चिमण्या पाडल्या असतील! मेलेली चिमणी हातात घेऊन 'ही कोण?' असे विचारणारा विरळा, आणि त्या प्रश्नापाशी थांबणारा मामा त्याहून विरळा.

आता ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे वळू. पवित्र शास्त्राला शिकार अपरिचित नाही. इसहाकाला एसावाने आणलेले शिकारीचे मांस आवडे. जलप्रलयानंतर परमेश्वराने नोहाला मांस खाण्याची मुभा दिली, परंतु त्याच श्वासात रक्ताची मर्यादाही घातली. जीव देणाऱ्याचा हक्क माणसाने विसरू नये म्हणून. अनुवादाच्या पुस्तकात एक आज्ञा आहे: वाटेत घरटे सापडले, तर पिलांबरोबर त्यांच्या आईला धरू नये, तिला सोडून द्यावे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने अन्न-वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मान्यता दिली आहे. परंतु त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवाच्याच प्रतिष्ठेला बाधक ठरवले आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रात ही शिकवण पुन्हा अधोरेखित केली. १९१७ च्या धर्मसंहितेने तर धर्मगुरूंना शिकारीच्या नादी लागण्यास मनाई केली होती, आणि गाजावाजाची शिकार पूर्णपणे वर्ज्य ठरवली होती. शिकाऱ्यांचा आश्रयदाता मानला जाणारा संत ह्युबर्ट तरी कोण? आख्यायिका सांगते की हरणाच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला आणि पाठलाग तेथेच थांबला.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाताळला आपल्या घरी मटण शिजते, सणाला कोंबडी कापली जाते. खाटकाच्या दुकानातून पिशवीत बांधून आणलेले मांस चवीने खाणाऱ्याने शिकाऱ्याला दयेचा उपदेश करावा काय? जो मुलगा बापाबरोबर रानात जातो, त्याला निदान हे कळते की ताटातल्या घासामागे एक जीव गेला आहे.

हा आक्षेप खरा आहे असे आम्हांस वाटते. मरण नजरेआड केल्याने आपण दयाळू होत नाही. परंतु यावर उपाय मुलाच्या हाती बंदूक देणे नव्हे. मुलाला सत्य दाखवणे होय. घरी कोंबडी कापायची असेल तर जाणत्या मुलाला दूर पिटाळू नये. ती कशी धरतात, सुरी धारदार का हवी, घाई वा चेष्टा का करायची नाही, हे त्याला कळू द्यावे. मग जेवणापूर्वीची प्रार्थना त्याच्या ओठांवर निराळी उमटेल. गरजेसाठी घेतलेला जीव कृतज्ञतेने घेता येतो. करमणुकीसाठी घेतलेल्या जिवाबद्दल आभार तरी कशाचे मानायचे?

गरज आणि हौस यांतला हा भेद मराठवाड्याच्या माळाला जुना ठाऊक आहे. फासेपारधी समाजातील मुलगा फासा विणायला शिकला तो पोटासाठी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट खुली केली. तो कलंक कागदावरून १९५२ मध्ये पुसला, लोकांच्या मनांतून अद्याप पुरता पुसलेला नाही. साहेबाची शिकार मर्दुमकी ठरली, पारध्याची चोरी. परंतु याच फासेपारध्यांविषयी पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदवले आहे की फाशात पाडस वा गाभण हरिणी सापडली तर तिला सोडून देण्याची त्यांची रीत होती. अनुवादातील घरट्याची आज्ञा ज्यांनी कधी वाचली नाही, त्यांनी ती पाळली होती. आज तीही शिकार कायद्याला मान्य नाही आणि नसावी. परंतु संयमाचा धडा त्यांच्याकडून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

आणि शेतात घुसणाऱ्या रानडुकराचे काय? तेथे गरज खरी आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. परंतु ते काम जबाबदार प्रौढाचे; त्याला मुलाच्या शिक्षणाचे वा मौजेचे रूप देऊ नये. मुलाच्या हाताला साजेसे शेतातले आयुध वेगळेच आहे, आणि ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: गोफण. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभे राहून पोरे गोफण फिरवतात, आरोळी देतात, थवा उठतो, दुसऱ्या रानात जातो. पाखरू मेले नाही तरी राखण झाली. बेथलेहेमचा दावीदही गोफण शिकला तो मेंढरे राखताना. मारण्याआधी राखणे शिकणे, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

शेवटी वयाचा प्रश्न. ख्रिस्तसभा सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेक आला असे गृहीत धरते. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी लहान मुलांना ख्रिस्तप्रसादाचे दार उघडले, तेव्हा पांडित्याची अट घातली नाही. साधी भाकर आणि ही भाकर यांतला भेद मुलाला कळावा, एवढेच पुरेसे मानले. शस्त्राच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी असे आम्ही सुचवतो. समोरचा फुगा आणि समोरचा जीव यांतला भेद मुलाला कळतो काय? नुसता तोंडाने सांगता येणे पुरे नाही. सरड्याला दगड मारण्यासाठी उचललेला हात आपोआप खाली येतो काय, ते पाहावे. ज्याला तो भेद कळत नाही, त्याच्या हाती छऱ्याची बंदूकही फार मोठी आहे.

ज्या मुलाला नेमबाजीची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी कागदी लक्ष्य आहे, प्रशिक्षक आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. त्यासाठी एकाही जिवाचे रक्त सांडले नाही. ज्याला रानाची ओढ आहे, त्याला पहाटे माळावर न्यावे, तित्तराची साद ऐकू द्यावी, ससा कोठे बसतो ते पाहू द्यावे, साधी दुर्बीण द्यावी. आणि पालकहो, आपल्या मुलाने कधी मेलेले पाखरू हातात घेऊन 'ही कोण?' असे विचारलेच, तर हातचे काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे.