परमुलखातली माती

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत माणूस गेला की पहिल्या दिवशी घरच्यांना खिशात हात घालावा लागत नाही. तिरडीचे बांबू, मडके, लाकडे, गोवऱ्या भावकी जमवते. कुणी कापड आणायला जातो, कुणी पाहुण्यांना फोन लावतो. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून भाकरी-पिठले येते. लिंगायताच्या घरी समाधीचा खड्डा घ्यायला आणि मुसलमानाच्या घरी कबर खणायला माणसे न सांगता जातात. खर्चाची गोष्ट दहाव्या-तेराव्याला निघते, तोवर घरातल्यांना निदान रडायला वेळ मिळालेला असतो.

परदेशात ही माणसे नसतात. तिथे त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या जागी एक बिल येते. शवागाराचे बिल, प्रेत टिकवण्यासाठी लावलेल्या औषधाचे बिल, पेटीचे, कागदपत्रांच्या भाषांतराचे, विमानाचे, मुंबईपासून गावापर्यंतच्या रुग्णवाहिकेचे. ही बिले पहिल्या दिवसापासून सुरू होतात आणि घरातला कमावता माणूस नेमका तोच गेलेला असतो. म्हणून परदेशी निघालेल्या माणसाने आपल्या शेवटाचा खर्च आणि त्यासंबंधीचे निर्णय निघण्याआधी घरात बसून ठरवावेत, असे माझे ठाम मत आहे.

यावर घरातून पहिला आवाज येतो तो ‘अभद्र बोलू नको’ हा. पोरगा दुबईला निघालाय, आई औक्षण करतेय, आणि त्यात हा विषय! ही भीती मला समजते. पण आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या काय करत आल्या? ट्रंकेच्या तळाशी एक नवे लुगडे वेगळे ठेवायचे, गाठीला थोडे पैसे बांधायचे आणि सुनेला सांगून ठेवायचे की हे माझ्या मातीला. त्यात कुणाला अभद्र वाटले नाही. लेकरांवर बोजा नको, एवढाच त्या तजविजीचा अर्थ होता. आजीला जे शहाणपण होते ते पासपोर्ट काढलेल्या नातवाला का नसावे?

परमुलखात राहून अशी तजवीज करणाऱ्यांत एक मोठे नाव आहे. 1906 मध्ये सावरकर ज्यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, त्या श्यामजी कृष्ण वर्मांचा मृत्यू 30 मार्च 1930 रोजी जिनिव्हात झाला. देश पारतंत्र्यात होता, परतीची वाट बंद होती. श्यामजींनी जिनिव्हातल्या स्मशानभूमीशी आधीच करार करून स्वतःच्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी 100 वर्षे जपण्याचे पैसे भरून ठेवले होते. देश स्वतंत्र झाल्यावर अस्थी मायदेशी याव्यात, ही त्यांची इच्छा होती. त्या 2003 मध्ये भारतात आल्या. सत्तरहून अधिक वर्षे ते कलश सुरक्षित राहिले याला भावना कारणीभूत होतीच, पण लेखी करार आणि भरलेले पैसेही होते. आपण त्यातली भावना तेवढी सांगतो.

आता आजचा हिशेब. समजा, बेंबळीचा एक तरुण सौदीत किंवा अमिरातीत कामाला आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर स्थलांतर-परवानगीचा शिक्का असतो, आणि आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाताना त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375 रुपये आणि वर कर, एवढाच हप्ता. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 10 लाख मिळतात. पण खोलीत झोपेत हृदय बंद पडले तर हे 10 लाख मिळत नाहीत. मुदत संपल्यावर नूतनीकरण राहिले तरी नाही. आणि जो पोरगा दहावी-बारावी झाला, आयटीआय केला, त्याच्यावर ही पॉलिसी घेण्याची सक्तीच नाही. म्हणजे आईबापांनी पोट मारून शिकवलेला मुलगा विम्याच्या बाबतीत अधिक उघडा पडतो.

सौदीत आणि अमिरातीत प्रेत मायदेशी पाठवण्याचा खर्च कायद्याने मालकावर आहे. मात्र त्यासाठी मालक खरा असावा लागतो. एजंटाला पैसे देऊन ‘आझाद व्हिसा’वर गेलेल्या माणसाचा कागदावरचा मालक एक आणि प्रत्यक्ष काम देणारा दुसराच. माणूस जिवंत असताना दोघेही त्याच्यावर कमावतात, मेल्यावर दोघेही त्याला ओळखत नाहीत. मग दूतावासाचा भारतीय समुदाय कल्याण निधी उरतो. तो 2009 पासून आहे, पासपोर्ट वगैरे सेवांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून भरतो, आणि मालक व विमा दोन्ही नसतील तर गरजूंचे प्रेत पाठवण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. मागावे लागते, गरज दाखवावी लागते. पण तो आहे हे गावात कुणाला ठाऊक नसते, म्हणून नातेवाईक महिना शेकडा तीन-चार रुपये व्याजाने पैसे उचलतात. दुष्काळ ज्याच्या पाचवीला पुजलेला आहे अशा जिल्ह्यात हे कर्ज किती वर्षे पाठीवर राहते ते वेगळे सांगायला नको.

12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा हवाई दलाच्या विमानाने 45 भारतीयांचे मृतदेह दोन दिवसांत परत आणले. योग्यच झाले. पण एकटा मेलेल्यासाठी विमान येत नाही. आखातातून प्रेत आणण्याचे विमानभाडे कित्येक वर्षे किलोवर आकारले जात होते. लोकांनी आवाज उठवल्यावर 2019 मध्ये एअर इंडियाने ठरावीक दर लावला. अमिरातीतून प्रौढ व्यक्तीसाठी तो 1500 दिरहम होता. माणसाला तराजूत घालणे थांबले, कारण कुणी तरी त्याबद्दल बोलले.

पैशाइतकाच सहीचा प्रश्न आहे. प्रेत तिथेच पुरायचे की भारतात पाठवायचे, तिथे कागद करण्याचा अधिकार कुणाला, हे वारसाच्या संमतीपत्राशिवाय पुढे सरकत नाही. वारस म्हणजे पहिल्यांदा पत्नी. आणि आपल्याकडे ती त्या वेळी कोपऱ्यात बसवलेली असते. दीर, चुलते, गावातला एखादा पुढारी फोनवर ठरवतात आणि कागद तिच्यापुढे सहीला येतो. पुढे नुकसानभरपाई, थकलेला पगार, विमा या प्रत्येकासाठी पुन्हा तिचीच सही लागते, आणि त्यातला पहिला घास प्रेत आणायला काढलेले कर्ज खाते. म्हणून निघण्याआधीच्या बैठकीत नवरा-बायको दोघांनी बसले पाहिजे. पासपोर्ट आणि पॉलिसीची प्रत, करारपत्र, खऱ्या मालकाचा आणि सोबतच्या एका विश्वासू माणसाचा नंबर, बँकेतले वारसाचे नाव हे सगळे तिच्या हाती असावे. कोणत्या विमानतळावर आणायचे तेही लिहून ठेवावे. मुंबई धाराशिवपासून सुमारे चारशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. सवयीने सगळे मुंबई म्हणतात आणि रुग्णवाहिकेचे शंभर किलोमीटर वाढतात.

सगळ्यात अवघड निर्णय मात्र वेगळा आहे. आणायचे की नाही? सौदीत दहनाची सोय नाही, त्यामुळे तिथल्या हिंदू घराला दहन हवे असेल तर प्रेत आणण्यावाचून मार्ग नाही. दुबईत, मस्कतमध्ये दहन होऊ शकते आणि अस्थी आणता येतात. मुसलमान घराला सौदीतली माती पसंत असू शकते. लिंगायत घराला दहनाचा पर्याय कामाचा नाही. प्रत्येक घराचे उत्तर निराळे येणार. मला खटकते ते एवढेच, की ‘शेवटचे तोंड तरी बघू द्या’ या हाकेपुढे दुसरा विचार मांडणारा माणूस निर्दयी ठरतो. ती हाक खोटी नाही. मुलाचा चेहरा न बघता आई त्याचे जाणे मान्य कशी करणार? पण कर्ज काढून आणलेल्या पेटीतला चेहरा कधी कधी दाखवण्याजोगा राहिलेला नसतो, हेही तिला आधी कुणी तरी सांगायला हवे.

परंपरेने याचा विचार केलेला आहे. आपल्या शेजारच्या पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. दूरदेशी मेलेल्याचे शरीर हाती लागले नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे, असा विधी त्यात आहे. प्रवासात, लढाईत, यात्रेत माणसे जात आणि परत येत नसत. त्यांच्या घरच्यांना शास्त्राने अडकवून ठेवले नाही. शरीर आले नाही म्हणून कर्तव्य राहिले, असे शास्त्र म्हणत नसेल तर भावकीने का म्हणावे?

अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत 2023 साली दहनासह अंत्यसंस्काराचा मध्यम खर्च सहा हजार डॉलरच्या वर होता. तिथे हप्त्याने आधी पैसे भरण्याच्या योजनाही विकल्या जातात, पण इंग्लंडमधली ‘सेफ हँड्स’ ही कंपनी 2022 मध्ये बुडाली तेव्हा सुमारे 46 हजार ग्राहकांची तजवीज धोक्यात आली. त्यानंतर तिथे या धंद्यावर वित्तीय नियामकाची देखरेख आली. पैसे कंपनीकडे देण्यापेक्षा वारसाच्या नावासह स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवलेले बरे, असे मला वाटते.

बेंबळीसारख्या गावापुरते बोलायचे तर ग्रामपंचायतीने एक वही ठेवावी. कोण कोणत्या देशात आहे, कोणत्या मालकाकडे, विमा कधी संपतो, घरी सही कुणाची. ग्रामसभेत ती वही दरवर्षी तपासली जावी, ज्यांचा विमा संपत आलाय त्यांच्या घरी निरोप जावा. दूतावासाकडे तक्रार नोंदवायचे ‘मदद’ पोर्टल 2015 पासून आहे, विमानाने प्रेत आणण्याच्या परवानगीसाठी ‘ई-केअर’ पोर्टल 2023 पासून आहे. दोन्ही मोबाइलवरून चालतात. ते चालवता येणारी दोन पोरे कोणत्याही गावात सापडतात, त्यांना हे काम आधी दाखवून ठेवावे. आणि त्या वहीतली पहिली सही बाहेर गेलेल्याच्या बायकोची घ्यावी, भावाची नंतर.