करुण रसाची हद्द

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर कित्येक महिन्यांनी घरी परततो. आपली मुलगी दुर्गा आता या जगात नाही, हे त्याला ठाऊक नसतं. पडक्या घरापाशी बसून तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो आणि शेवटी दुर्गेसाठी घेतलेली साडी पुढे करतो. इतका वेळ गप्प असलेली सर्वजया ती साडी तोंडाशी नेते आणि कोसळते. आपल्याला तिचा चेहरा दिसतो, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईवर, वरच्या सप्तकात, पटदीप राग वाजतो.

गजाने वाजवायच्या इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडला, की तारशहनाई होते. वाद्य तारांचं, पण त्याचा सूर गळ्यातून निघाल्यासारखा लागतो. रविशंकरांनी या चित्रपटाचं बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं. त्या घाईत सापडलेला हा सूर आपल्या रसविचाराचं एक प्रात्यक्षिकच आहे. भरतमुनींच्या मते शोक हा स्थायी भाव, आणि त्यातून निष्पन्न होतो तो करुण रस. आक्रोश ऐकू आला असता, तर तो एका बंगाली खेड्यातल्या एका आईचाच राहिला असता. पटदीप मात्र कुणा एकाच्या मालकीचा नाही. ‘संन्यस्त खड्ग’मधल्या मास्टर दीनानाथांच्या पदामुळे तो मराठी कानांनाही घरचाच वाटतो. भट्टनायकाने मांडलेलं आणि अभिनवगुप्तानेही स्वीकारलेलं साधारणीकरण ते हेच. दुःखावरचं नाव पुसलं जातं आणि ते सगळ्यांचं होतं.

पण प्रत्येक दुःख असं सगळ्यांचं होऊ द्यावं का?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या कानावर शाळेतून राष्ट्रगीत येतं. तो जागच्या जागी थबकतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटतं. इथे संगीत पार्श्वभूमीला नाही. ते पात्रांच्याच जगात वाजतंय आणि त्यांना उभं करतंय. सगळ्यांना एक म्हणणाऱ्या गीताचा मान राखताना या कैकाडी कुटुंबाच्या हातून मात्र पकडत आणलेलं डुक्कर जातं. साधारणीकरणाचं आश्वासन आणि प्रत्यक्ष समाज, दोन्ही एकाच चौकटीत उभी आहेत. आपल्याला हसू येतं, आणि हसल्याची लाजही वाटते.

‘सैराट’मध्ये (२०१६) मंजुळे आणखी पुढे जातात. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी थेट हॉलिवुडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. प्रेम उमलत असताना तो भरभरून वाजतो आणि प्रेक्षक थिएटरात नाचतात. शेवटी आर्ची-परशा या प्रेमी जोडप्याचे मृतदेह दिसतात, लहानगं मूल रक्ताने माखलेल्या पावलांनी बाहेर पडतं, आणि तेव्हा आवाजच नाहीसा होतो. एवढा वाद्यवृंद हाताशी असताना एक व्हायोलिनसुद्धा नाही.

त्या क्षणी सूर लागला असता, तर आपण रडलो असतो आणि रडून मोकळे झालो असतो. करुण रसात सगळे रसिक एका पातळीवर येतात. तिथे मारेकऱ्याच्या बाजूचा माणूसही निर्धास्तपणे डोळे पुसू शकतो. दुर्गेला तापाने नेलं होतं. गरिबीचा त्यात वाटा होता, पण कुणी तिच्यावर सुरा उगारला नव्हता. म्हणून ते दुःख सगळ्यांमध्ये वाटून घेता आलं. आर्ची-परशाचा खून करणारे मात्र नात्यातले होते, भेटवस्तू घेऊन घरी आलेले आणि चहा घेतलेले. त्यांची नावं पुसणारा कुठलाही सूर, कितीही सुंदर असला, तरी खोटाच ठरला असता.

म्हणून पार्श्वसंगीत देणाऱ्याने पट्टी ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: पडद्यावर जे घडलं, त्याचा जाब कुणाला विचारायचा आहे का? विचारायचा असेल, तर करुण रसाची हद्द तिथे संपते.