आधी पाकीट, मग दार

गेली बावीस वर्षं मी जाळीच्या आत बसतो आहे. दचकू नका. गुन्हा काही केलेला नाही, बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो, एवढंच. पुढे कॅश काउंटरवर बसवलं, तो बसलोच. इतर शाखांतल्या जाळ्या जाऊन काचा आल्या; आमच्या काचेचा प्रस्ताव अजून 'वर' आहे. जाळीतून पाहिलं की बाहेरचा माणूस चौकटीचौकटीत दिसतो आणि का कोण जाणे, थोडा अपराधी दिसतो. त्याला काहीतरी हवं असतं, ते आपल्यापाशी असतं, आणि द्यायच्या आधी त्याला थोडं अडवायचं असतं. हे अडवणं आम्हाला कुणी शिकवत नाही. ते खुर्चीतूनच अंगात चढतं.

जे द्यायचंच आहे ते अडवून का द्यावं, हा प्रश्न मला या बावीस वर्षांत पडला नव्हता. तो पडला सिंगापुरात, एका चिनी लग्नाच्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता आणि उपाशीपोटी.

माझी भाची तिकडे नोकरीला असते. तिने हट्टाने तिकीट पाठवलं, मी रजा टाकली, आणि पोचलो तर म्हणते, "मामा, परवा माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे. तूही चल. तुला काम आहे."

"अगं, मला चिनीतला 'च' येत नाही. मी काय करणार?"

"तू फक्त पैसे मोज."

परदेशात जाऊनही माणसाची पत्रिका काही बदलत नाही.

काम असं होतं. तिकडे लग्नाच्या सकाळी नवरामुलगा आपले मित्र घेऊन नवरीला न्यायला तिच्या घरी येतो. त्या मित्रांना म्हणायचं 'भाऊ'. आत नवरीच्या मैत्रिणी दार अडवून उभ्या असतात, त्या 'बहिणी'. माझी भाची त्या बहिणींपैकी एक. बहिणी मागतील ते करून दाखवल्याशिवाय आणि पैसे मोजल्याशिवाय दार उघडत नाही. पैसे लाल पाकिटातून येतात. त्या पाकिटाला तिथे 'आंगपाव' म्हणतात. शब्द ऐकून मला आधी न्याहारीची आशा वाटली होती. पण त्याचा पावाशी संबंध नाही. तो ज्याला मिळतो त्याला पावतो, इतकंच. पावती मात्र देत नाहीत, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

नवरीचं घर सरकारी वसाहतीतल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. दारावर लाल कागदाचं जोडसौख्याचं अक्षर डकवलेलं. आणि लाकडी दाराच्या बाहेर, तिथल्या पद्धतीप्रमाणे, लोखंडी जाळीचं फाटक! त्याला कुलूप लावून आतल्या बाजूला मला खुर्ची दिली, तेव्हा माझे डोळे पाणावले. एवढ्या लांब येऊन माणसाला आपलं काउंटर भेटावं!

खाली मोटार आली. नवरीच्या धाकट्या भावाने मोटारीचं दार उघडलं आणि त्याबद्दल पहिलं पाकीट मिळवलं. मग लिफ्टमधून दहाबारा तरुण बाहेर पडले. पुढे नवरा, कोटाला फूल, कपाळाला घाम. जाळीपाशी येऊन तो उभा राहिला आणि मला पाहून गोंधळला. हा कोण, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सवयीने म्हणणार होतो, "स्लिप भरली का?"

आधी झाली चवींची परीक्षा. आंबट, गोड, कडू आणि तिखट, या चारही चवी संसारात येणार, तेव्हा त्या आताच चाखून दाखवा. लिंबाच्या फोडी, चॉकलेट, कच्च्या कारल्याचे काप आणि एक हिरवी जपानी चटणी, जिचा गोळा खाल्ल्यावर एक 'भाऊ' काही काळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नवऱ्याने एकट्याने सगळं खायचं नसतं, भावांनी वाटून घ्यायचं असतं. कारलं कोणी खावं यावर त्यांची जी कुजबुज झाली ती पाहून मला आमच्या शाखेतली सुट्टीच्या दिवशीच्या ड्यूटीची वाटणी आठवली.

मग जोर काढणं झालं, प्रेमगीत झालं. त्यानंतर एका कागदावर लिपस्टिकने उमटवलेले सहा ओठ जाळीतून बाहेर दिले आणि विचारलं, यातले नवरीचे कुठले? बिचाऱ्याने पुष्कळ वेळ निरखून एकावर बोट ठेवलं. आत खिंकाळणं सुरू झालं. ते ओठ नवरीच्या आजीचे होते. मी नमुना पाहून गंभीरपणे सांगितलं, "सही जुळत नाही." भाचीने भाषांतर केलं आणि बाहेर नवराही पोट धरून हसायला लागला.

शेवटी पैशांची बोलणी. बहिणींनी ९,९९९ डॉलर मागितले. नऊ या आकड्याचा चिनी उच्चार 'दीर्घकाळ' या शब्दासारखा आहे, म्हणून नऊ शुभ. आठ समृद्धीसारखा, म्हणून तोही चालतो. चार मात्र मृत्यूसारखा, म्हणून त्याचं नावही नको. बाहेरून पहिलं पाकीट आलं, त्यात ९ डॉलर ९० सेंट, सगळी चिल्लर. ते साभार परत. दुसऱ्यात ९९. तेही परत. घासाघीस होता होता ९९९ वर सौदा तुटला. मी पाकीट फोडलं, अंगठा ओला केला आणि मोठ्याने तपशील सांगायला लागलो, "फिफ्टीज नाइन्टीन, टेन्स फो—" तोच भाचीने मला असा चिमटा काढला की पुढचा आकडा मी गिळला. दहाच्या नोटा मी 'तीन अधिक एक' अशा मोजल्या. दोनच्या नोटाही दुर्दैवाने तितक्याच होत्या. वर एक नाणं. हिशेब लागला.

माझ्या शेजारी नवरीचे काका बसले होते, चिनी भाषेचे निवृत्त शिक्षक. त्यांचं इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकंच असल्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे आहेर एकावन्न, एकशे एक असा, वर एक रुपया ठेवून देतात. म्हणजे खातं बंद होत नाही. ते म्हणाले, आमच्याकडे शुभकार्यात शक्यतो सम आकडा बरा मानतात, म्हणजे कुणी एकटं राहत नाही. तुमचे ९९९ विषम कसे, असं मी ऑडिटरच्या आवाजात विचारलं. "दीर्घकाळ असेल तर विषमही चालतं," ते म्हणाले. संसाराबद्दल इतकं खरं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यांनीच मला सांगितलं की नवऱ्याची ही परवड आजची नाही. नवव्या शतकात डुआन चेंगशी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलं आहे की पूर्वी उत्तरेकडे जावई सासुरवाडीला नमस्काराला आला की तिथल्या बायका जमून त्याला गमतीने काठ्यांनी बडवत, आणि कधी कधी गंमत इतकी होई की जावई आडवा पडे. तांग राजवटीत नवरीने लवकर आवरून बाहेर यावं म्हणून नवऱ्याच्या बाजूने कविता म्हणायची रीत होती. म्हणजे आजचं कारलं ही सवलतच म्हणायची.

आणि याविरुद्धची तक्रारही जुनीच. त्या काळी नवरीची गाडी वाटेत अडवून लोक खाणंपिणं मागत. आधी मजा होती. मग थोरामोठ्यांच्या लग्नांत टोळकीच्या टोळकी वाट अडवून माल उकळायला लागली. आठव्या शतकाच्या आरंभी तांग शाओ नावाच्या अधिकाऱ्याने हे बंद करावं असा अर्ज थेट दरबारात केला. त्याच्याही आधी, इसवीसनपूर्व ५६ मध्ये, हान घराण्याच्या श्वान सम्राटाने उलट बाजूने हुकूम काढला होता, की माझे अधिकारी लोकांना लग्नात खाऊपिऊ देत नाहीत, हे चुकीचं आहे. म्हणजे एक फाइल मजेच्या बाजूने, एक विरुद्ध. दोन हजार वर्षं प्रकरण प्रलंबित. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

हे प्रकरण अजूनही मिटलेलं नाही, हे मी परत आल्यावर वाचलं. चीनमध्ये काही ठिकाणी या थट्टेची पार रया गेली. नवऱ्याला खांबाला बांधून त्याच्यावर अंडी फोडणं, करवल्यांच्या अंगचटीला जाणं, असले प्रकार. २०१६ साली बालीत एका चिनी नटाच्या लग्नात करवली म्हणून आलेल्या एका नटीला पुरुषमंडळींनी पाण्यात टाकायचा प्रयत्न केला. ती नको नको म्हणत होती. चित्रण सगळीकडे पसरल्यावर लोक चिडले, आणि पुढे त्या नटीनेच जाहीर माफी मागितली. २०१८ च्या अखेरीस चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयालाच लग्नातली उधळपट्टी आणि असली असभ्य थट्टा थांबवा असं सांगावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, अडवणं तेच, हसणंही तेच, मग गंमत कुठे संपते आणि गुंडगिरी कुठे सुरू होते? मीही हेच त्या मास्तरांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. ते आतल्या खोलीकडे बघत होते.

कारण तोपर्यंत फाटक उघडलं होतं. भाऊ लोक घुसले, एकच गलका झाला, नवऱ्याने नवरीच्या दारापाशी जाऊन तिचं नाव घेतलं. आणि ज्या बहिणी इतका वेळ ९,९९९ साठी भांडत होत्या, त्यातल्या दोघी एकदम रडायला लागल्या. माझी भाचीही. मघाशी चिमटा काढणाऱ्या बोटांनी ती डोळे पुसत होती.

मग चहा झाला. नवराबायकोने गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्यांना नात्याने हाक मारून चहा द्यायचा असतो. एरवी आधी मुलाच्या घरी जाऊन मग मुलीकडे परत येतात. यांनी सोयीसाठी मुलीकडचा चहा तिथेच उरकला. सकाळभर नवरीचे वडील एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. खेळात नाहीत, हसण्यात नाहीत. मुलीने पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि त्यांचा हात इतका थरथरायला लागला की झाकण पेल्यावर टकटक वाजत राहिलं. कुणी काही बोललं नाही. तेवढाच आवाज.

तो आवाज ऐकला आणि मला सिंगापुरात बसल्या बसल्या माझं काउंटर दिसलं.

तीन वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ पेन्शन काढायला आले होते. स्लिपवरची सही वाकडीतिकडी. मी म्हटलं, "सही जुळत नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच. ते म्हणाले, "अहो, सही तीच आहे, हात बदललाय." वाक्य चांगलं होतं, मी ते कँटीनमध्ये सांगून हशाही मिळवला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना अंगठा लावायला सांगितलं. चाळीस वर्षं मुलांना अक्षर गिरवायला शिकवलेल्या मास्तरांनी माझ्यासमोर शाईत अंगठा बुडवला, आणि नंतर तो पुसायला चिंधी मागितली. चिंधी नव्हती. माझं वागणं संपूर्ण नियमात होतं.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. ते बरोबरच असेल असा दावा नाही. वाणिज्य शाखेच्या माणसाचं तत्त्वज्ञान, तेव्हा ते जमाखर्चाचंच असणार. दार उघडल्यावर ज्याचं काही जाणार आहे, त्याने ते थोडा वेळ अडवावं. त्याला तेवढा हक्क आहे. त्या बहिणी नवऱ्याला बाहेर ठेवत नव्हत्या, मैत्रिणीला पाऊण तास आत ठेवत होत्या. आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, त्याची बहीण चाललेली असते. नवरदेवाची बहीण उंबऱ्यात दार अडवून "तुझी लेक माझ्या लेकाला दे" म्हणते, कारण उद्यापासून त्या घरात तिची जागा पाहुण्याची होणार असते. असल्या अडवण्याचा राग येत नाही, कारण बाहेरच्यालाही ठाऊक असतं की दार उघडणार आहे, आणि उघडणाऱ्यालाच ते जड जाणार आहे.

पण तांग शाओच्या काळात वाट अडवणाऱ्या टोळक्यांचं काय जाणार होतं? त्या नटीला उचलणाऱ्यांचं काय जात होतं? आणि मास्तरांचे पैसे मास्तरांना देताना माझं काय जात होतं? नोटाही त्यांच्याच होत्या.

निघताना नवरीच्या मावशीने तिच्या डोक्यावर लाल छत्री उघडली आणि वरात लिफ्टमध्ये शिरली. वडील जाळीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी खुर्ची उचलून आत ठेवली. फाटक लावू का, असं मी हाताने विचारलं. त्यांनी मान हलवली, नको.

त्यानंतर मी परत आलो, रुजू झालो. जाळी तीच, काचेचा प्रस्ताव अजून वर. फक्त एक झालं आहे. कुणा म्हाताऱ्या माणसाची सही जुळली नाही, तर मी उठून बाहेर जातो, त्यांच्या शेजारी बाकावर बसतो, आणि हात स्थिरावेपर्यंत दोनतीनदा सही करून घेतो. टेबलावर एक चिंधीही आणून ठेवली आहे. हे सगळं नियमात बसतं. आधीही बसत होतं.

साहेबांना वाटतं, मी मधूनमधून चहाला उठतो. मीही त्यांचा तो समज दूर केलेला नाही.