पाण्याचा तडाखा आणि पाण्याचा थर

ऐन मे महिन्यात खोपोलीची पाताळगंगा आणि कर्जतची पेज वाहताना दिसतात, ते पाणी टाटांच्या पॉवर हाऊसमधून सुटलेलं असतं. खोपोलीचं पॉवर हाऊस 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये. पहिल्याला लोणावळा, वळवण, शिरोटा या तलावांचं पाणी, दुसऱ्याला ठोकरवाडीचं. दोन्हीकडे ते पाइपांतून घाट उतरतं आणि नोझलमधून पेल्टन चाकावर पडतं. पाचशे मीटरच्या उतरणीचा हिशेब केला तर झोताचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या वेगाचं पाणी चाक फोडत कसं नाही, हा प्रश्न कुणालाही पडावा.

त्याचं उत्तर शोधायला युरोपने बराच काळ घेतला, कारण सुरुवातीची समजूतच आदळण्याची होती. पाणी पात्यावर आपटतं आणि पातं ढकललं जातं. अंत्वान पारां या फ्रेंच गणितज्ञाने 1704 मध्ये हिशेब मांडला : पात्याने पाण्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरावं, आणि तरीही पाण्याच्या ताकदीचे फार तर सत्तावीसातले चार भाग हाती लागतील. गणित नेटकं होतं, त्यामुळे पुढची पन्नासएक वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. जॉन स्मीटन मात्र गणितज्ञ कमी आणि कारागीर जास्त. त्याने छोटी चाकं बनवून मोजमाप केलं आणि 1759 मध्ये सांगितलं की प्रत्यक्षात याहून बरंच जास्त मिळतं. 1767 मध्ये बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने पारांची चूक दाखवली : चाकावर एकामागून एक पाती येत राहतात, तेव्हा योग्य वेग निम्मा. पण सपाट पात्यावर आदळणाऱ्या पाण्याची निम्मी ताकद उसळण्या-फेसाळण्यातच जाते, हेही त्याच हिशेबातून निघालं.

माझ्या मते खरं वळण पोन्सले या फ्रेंच अभियंत्याचं. 1820 च्या दशकात त्याने पाती वाकवली आणि दोन अटी घातल्या : पाण्याने धक्का न देता आत शिरावं आणि वेग संपवून बाहेर पडावं. इथे आपटण्याची कल्पनाच गळून पडली. आता पाणी पात्याच्या अंगावरून घसरत जाणार होतं. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे गेलेल्या लेस्टर पेल्टनने 1880 मध्ये पेटंट घेतलं, त्यात याच विचाराला लोखंडी रूप मिळालं. जोडलेल्या दोन वाट्या, मधे धारदार कणा. झोत कण्यावर दुभंगतो, दोन्ही वाट्यांत पसरतो आणि जवळजवळ मागे वळून कडेने निसटतो. चाक आसावर सरकल्यामुळे पेल्टनला ही युक्ती सुचली, असा किस्सा सांगतात. मला तो जरा जास्तच सोयीचा वाटतो.

जाडजूड झोत वाटीत शिरताच पत्र्यासारखा पातळ थर होतो, आणि तोही फिरत्या पृष्ठभागावर. पाठ्यपुस्तकं तो थर म्हणजे एकच रेषा धरून हिशेब करतात. तो हिशेब चालतोही, पण शेवटच्या काही टक्क्यांपर्यंत पोचत नाही. चाक फिरत असल्याने थराला परिघाकडे ओढ असते, वाटीचा कोन क्षणोक्षणी बदलतो, आणि थर पातळ होत जाईल तसा पृष्ठभागाचा शब्द जास्त चालतो. म्हणून वाट्या गुळगुळीत ठेवाव्या लागतात. अशाच फिरत्या थराबद्दल एम्स्ली, बॉनर आणि पेक या संशोधकांनी 1958 मध्ये फिरत्या तबकडीवरच्या चिकट द्रवाचा अभ्यास केला. तिथे द्रवाचा चिकटपणा आणि बाहेरची ओढ यांच्या झटापटीत वेडावाकडा थर आपोआप सारखा होत जातो. पेल्टनच्या वाटीत तशी सवड नसते. दुसऱ्याच क्षणी पुढची वाटी झोताखाली येते.

त्यामुळे पोन्सलेची दुसरी अट इथे मुद्दाम पूर्ण करत नाहीत. पाणी पुरतं मागे, 180 अंशांत वळवलं तर ते मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर आपटून चाकालाच रोखेल. म्हणून ते साधारण 165 अंशांपर्यंतच वळवतात. थोडा वेग त्याच्याकडे राहू देतात, बाजूला होण्यापुरता.