आधी दोन घास

आजचं वाचन : १ राजे, अध्याय १९, ओव्या १ ते ८

अंबडहून वडीगोद्रीकडे निघालं की अंतरवाली सराटी फार लांब नाही. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत हे नाव आमच्या भागाबाहेर फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील तिथं उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गाव राज्यभर झालं. त्यातलं राजकारण ज्याचं त्यानं पाहावं. माझ्या मनात राहिला आहे तो १४ सप्टेंबर, उपोषणाचा सतरावा दिवस. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि त्यांच्या हातून ज्यूस घेऊन जरांगेंनी उपोषण सोडलं. माणूस उपाशी एकटा राहू शकतो. असं उपोषण सोडायला मात्र दुसऱ्याचा हात लागतो. पेला जवळ असला तरी उपोषणकर्ता तो स्वतः उचलून तोंडाला लावत नाही, कुणीतरी पुढे करावा लागतो.

एलीयाची गोष्ट वाचताना हल्ली मला तो पेला आठवतो.

संडे स्कूलमध्ये आम्हाला कर्मेल डोंगरावरचा एलीया चित्रांसकट शिकवला होता. बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा, आकाशातून अग्नी, मग पाऊस. रतामाच्या झुडपाखालचा एलीया मात्र बाईंनी दोन मिनिटांत उरकला. बहुधा शूर माणसाची ही अवस्था मुलांना कशी सांगावी, हे त्यांना कळत नसावं. राणी ईजबेलचा एक निरोप येतो आणि हाच माणूस रानात पळतो, एका झुडपाच्या सावलीला बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता मला मरण दे. म्हणतो आणि झोपी जातो.

देवदूत येतो तेव्हा वाटतं, आता कानउघाडणी होणार. कालपरवाचा अग्नी विसरलास का, विश्वास कुठे गेला, असं काहीतरी. तो एवढंच सांगतो की ऊठ आणि खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो! देवदूत त्यालाही नावं ठेवत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे. तू इथं काय करतोस, हा प्रश्न त्याला होतो तो होरेबावर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. आधी भाकर, मग झोप, परत भाकर, मग चाल आणि सगळ्यात शेवटी प्रश्न. तिबिर्याच्या किनाऱ्यावर येशूनंही पेत्राच्या बाबतीत हाच क्रम पाळला होता. न्याहारी उरकल्यावर विचारलं.

वडील गेले तेव्हा मंडळीतले बरेच जण आले. वचनं वाचली, प्रार्थना केल्या, गीतं म्हटली. खरं सांगायचं तर त्यातलं काय वाचलं गेलं हे मला आज सांगता येणार नाही. आठवतात त्या शेजारच्या मावशी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, हातात पिठल्याचं पातेलं. आपल्याकडे मौतीच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद आणि शेजारी भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. मावशींनी ताट वाढलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, ''नको कसं? आधी दोन घास खा, मग रड.'' भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात त्यांनी पिठलं भरलं आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. खाल्ला. मग खरंच रडलो, तोवर आलं नव्हतं. एलीयाचं नाव मावशींनी कधी ऐकलेलं नाही.

भाकर देऊन बाटवतात, हा टोमणा आम्ही ख्रिस्ती लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा एक परिणाम असा झालाय की कुणाच्या दारी ताट घेऊन जायचं तर आमचा पाय अडखळतो आणि ताटाऐवजी आम्ही वचन घेऊन जातो. वचन फुकट असतं, त्याचा कुणी वेगळा अर्थ काढत नाही. मावशींना अशी धास्ती नव्हती. त्यांच्या भाकरीला कसलीच अट नव्हती, देवदूताच्या भाकरीसारखीच.

कुणाच्या घरचं अन्न खाल्लं, यावरून या देशात घरं मोडली आहेत. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बाप्तिस्मा न घेताच मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले, कोर्टानं पोर वडिलांच्या हवाली केलं. इथं प्रकरण संपायला हवं होतं. पण पोरानं परक्यांच्या घरचं अन्न खाल्लेलं, त्याला परत पंगतीत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणून बाजू लावून धरली आणि शास्त्रीमंडळींत तट पडले. एका पोरानं घेतलेले घास शहरभर मोजले गेले.

थोरला भाऊ पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला आणि आमच्या जालन्याला आला. तेव्हा हा निजामाचा मुलूख. सालारजंगांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यानं जालन्याजवळ एक गाव वसवलं. राहायला आली ती बहुतेक मांग-महार वस्त्यांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं. १८७३ मध्ये हा माणूस न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलून आला, त्याचं कौतुक मिशनच्या जुन्या लिखाणात सापडतं. मला कौतुक आहे ते गावाला त्यानं दिलेल्या नावाचं. बेथेल, म्हणजे देवाचं घर. हे नाव पहिल्यांदा ठेवलं याकोबानं, घरातून पळालेल्या, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपलेल्या याकोबानं. मराठवाड्यात धोंड्यांना तोटा नाही, आणि घर तुटणं काय असतं हे शेषाद्रींना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या शेजारी या माणसानं आपलं बस्तान मांडलं. तिथल्या पहिल्या जेवणाला कोण कुणाच्या शेजारी बसलं असेल, याचा मी कधी कधी उगाच विचार करतो.

परवा मावशींचे भाऊ गेले. त्या माहेरी जाऊन काल परतल्या. सून बाळंतपणाला गेलेली, घरात दुसरं कुणी नाही, आणि रात्री त्यांच्याकडचा दिवा लवकर मालवला. पहाटे उठून मी पीठ मळायला घेतलं. आधणाच्या पाण्यात मळलं तर भाकरी चिरत नाही, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. माझी तरीही काठाला चिरली, एक तर तव्यावर टाकतानाच मोडली. त्यातल्या त्यात बऱ्या तीन निवडून फडक्यात बांधल्यात. पिठल्यात मीठ जास्त झालंय की कमी, ते आता पाहायला वेळ नाही. मावशींच्या दाराची कडी वाजली.