कर्ज, व्याज आणि मधली रेघ

पैठणच्या बाजारपेठेत एका पतसंस्थेच्या दारावर कागद चिकटवला होता: ‘कर्ज व्याज माफी योजना’. शेजारी उभ्या शेतकऱ्याने तो माझ्याबरोबरच वाचला आणि कर्ज व व्याज दोन्ही माफ झाले, अशा समजुतीने तो आत गेला. संस्थेला म्हणायचे होते, कर्जावरच्या व्याजाची माफी. मुद्दल पुरते भरायचेच होते. कागदात खोटे काही नव्हते आणि वाचणाराही अडाणी नव्हता. घोटाळा होता तो तीन शब्दांमधल्या मोकळ्या जागांत.

मराठीत दोन शब्दांमधल्या छोट्या रेघेला, म्हणजे संयोगचिन्हाला, ठरलेले काम आहे. ‘जमा-खर्च’, ‘नफा-तोटा’ यांत ती ‘आणि’चे काम करते, दोन्ही शब्द तोलामोलाचे असतात. ‘व्याजदर’, ‘कर्जखाते’ यांत पहिला शब्द दुसऱ्याला बांधलेला असतो, म्हणून तिथे रेघ नको, शब्द जोडून हवा. इंग्रजीत विशेषण होणाऱ्या जोडशब्दाला रेघ देतात, ते त्या भाषेला शोभते. बँकांचे अर्ज भाषांतरित करताना तीच रेघ उचलली जाते आणि ‘अल्प-मुदत कर्ज’ तयार होते. ती काढून जागा सोडली, तर ‘अल्प मुदत कर्ज’ म्हणजे थोड्या मुदतीचे कर्ज, की थोडेसे मुदतकर्ज? ‘अल्पमुदत कर्ज’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही.

हा काथ्याकूट वाटेल, पण शब्दावर पैसा अवलंबून असतो. डिसेंबर 2019 मधल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अल्पमुदत पीककर्ज घेतलेले शेतकरी होते आणि 2 लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून होती. शासनाने तिथे ‘मुद्दल व व्याजासह’ असे फोड करून सांगितले, ते योग्यच केले. तो एक ‘व’ नसता, तर किती जणांनी नुसते मुद्दल मोजून स्वतःला पात्र धरले असते!

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. मोडी लिपीत शब्द तोडत नसत, विरामचिन्हे नव्हती. तरी शतकानुशतके देवघेव चाललीच की. चालली, खरे आहे. पण कागद वाचणारा कोण होता? लिहिणारा कारकून वाचे आणि कुणबी खाली नांगराची निशाणी करी. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यामागे जाचक व्याज होते, पडलेले भाव होते. आपल्याच नावच्या कागदात काय लिहिले आहे हे न कळण्याची चीडही होती, असे मला वाटते. आज पुष्कळ कर्जदार स्वतः वाचतात. त्यांच्यासाठी लिहायचे, तर जुनी सवय पुरणार नाही.

देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक सापडावी म्हणून एकनाथांनी रात्र जागवली, अशी आख्यायिका आहे. त्याच नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या या पैठणात तरी आकड्याइतकीच अक्षराचीही काळजी घ्यावी.

मात्र सगळे जोडत सुटलो, तर ‘थकीतपीककर्जव्याजमाफीयोजना’ अशी आगगाडी होईल आणि ती कुणी वाचणार नाही. दोन शब्द जोडावेत, फार तर तीन. त्यापुढे मराठीची विभक्ती वापरावी. ‘चा’, ‘ची’, ‘वरचे’ ही रूपे रेघेपेक्षा जुनी आहेत आणि मोठ्याने वाचतानाही ऐकू येतात; रेघ कानाला ऐकू येत नाही. ज्यांना कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

तो शेतकरी थोड्या वेळाने बाहेर आला. पुन्हा त्या कागदासमोर थांबला आणि मला म्हणाला, “भाऊ, नुसत्या व्याजाची माफी हाय म्हणं. मग ‘कर्जावरच्या व्याजाची’ असं लिहायला काय झालं होतं?”